बत्तिसांत आठवी फणसवाडी

‘फणसवाडी’ हा शब्द एकदा सावकाश म्हणून पाहा. फ, ण, स ही तीन अक्षरं झरझर निघून जातात आणि वा, डी या दोघांवर जीभ जरा रेंगाळते. तीन लघू, दोन गुरू. लघूला एक मात्रा, गुरूला दोन, म्हणजे एकूण सात मात्रा. तबला शिकलेल्या माणसाने हा हिशेब ऐकला, तर त्याचा हात आपोआप रूपक धरेल, कारण रूपक तालाच्या सात मात्रांचे विभाग असेच पडतात : तीन, दोन, दोन. फ-ण-स, वा, डी. गिरगावात ठाकुरद्वार आणि चिराबाजाराच्या आसऱ्याला असलेल्या या वाडीचं नाव कुणी ताल मोजून ठेवलेलं नाही. तरी ते तालात आहे.

रोजच्या बोलण्यात आपण ‘फणस्वाडी’ म्हणतो, स मधला अ गिळून टाकतो, हे खरं. पण पद्य म्हणताना मराठीत प्रत्येक अक्षराला त्याचा पूर्ण उच्चार मिळतो, आणि इथे हिशेब पद्याचा आहे.

अक्षर आखूड की लांब, एवढ्या थोड्या भांडवलावर आपल्याकडे एक अख्खं शास्त्र उभं राहिलं. त्याला छंदःशास्त्र म्हणतात. शाळेत ते मराठीच्या पेपरातल्या दोन-चार गुणांपुरतं भेटतं आणि विसरलं जातं. पण हे शास्त्र कवितेच्या अंगणातून निघून थेट गणितात शिरलं, तिथे त्याने जगाच्या आधी काही गोष्टी शोधल्या, आणि त्या शोधांचे धागे गिरगाव चौपाटीवर येऊन पोचले. ही सगळी गोष्ट फणसवाडीच्या पाच अक्षरांवर सांगता येते.

आधी नियम, थोडक्यात. अ, इ, उ, ऋ हे स्वर असलेली अक्षरं लघू. आ, ई, ऊ, ए, ऐ, ओ, औ असलेली गुरू. अनुस्वाराचा खणखणीत उच्चार असेल, विसर्ग असेल, किंवा पुढे जोडाक्षर येऊन त्याचा आघात मागे बसत असेल, तर लघू अक्षरही गुरू होतं. ‘ठाकुरद्वार’ म्हणा : र तसा आखूड, पण पुढचा ‘द्वा’ त्याच्यावर रेलतो आणि र जड होतो. मराठीत मात्र प्रत्येक जोडाक्षर असं रेलत नाही. ‘तुझ्या’मधला तु हलकाच राहतो, ‘म्ह’ तर मागच्या अक्षराला धक्काही लावत नाही. पुस्तकात नियम आणि अपवाद लिहिलेले असतात, पण निकाल कान देतो.

लघू-गुरूंची तीन-तीन अक्षरांची टोळी केली की तिला गण म्हणतात. तीन जागा, प्रत्येक जागी दोन शक्यता, म्हणून गण आठ : य, म, त, र, ज, भ, न, स. कुठल्या गणाचं रूप कसं, हे लक्षात ठेवण्यासाठी एक जादूचा शब्द आहे, ‘यमाताराजभानसलगा’. ‘य’चं रूप हवं असेल तर य पासून तीन अक्षरं घ्या : य-मा-ता, म्हणजे लघू, गुरू, गुरू. ‘ज’ हवा तर ज-भा-न : लघू, गुरू, लघू. ‘फणस’ तीनही लघू, म्हणजे न-स-ल, अर्थात न गण. दहा अक्षरांच्या या एका शब्दात आठही गण एकदा, आणि एकदाच, येतात. त्यातही खुबी अशी की शेवटचे ‘लगा’ आणि सुरुवातीचे ‘यमा’ यांचं माप सारखंच आहे, लघू-गुरू. त्यामुळे शब्दाचं शेपूट तोंडात देऊन वर्तुळ केलं तर आठ अक्षरांच्या कड्यात आठही गण फिरतात. अशा कड्यांना आज गणितात डी ब्रुइन यांचं नाव आहे. निकोलास डी ब्रुइन या डच गणितज्ञाने त्यांच्यावर १९४६ साली निबंध लिहिला. आपल्या शाळांतली मुलं मात्र हे कडं परीक्षेच्या आदल्या रात्री घोकत आली आहेत, आणि आपल्या तोंडात काय आहे हे त्यांना कुणी सांगत नाही. मला याचं फार वाईट वाटतं.

गझल लिहिणारी मंडळी गणांची नावं फारशी घेत नाहीत. ती सरळ ‘लगावली’ सांगतात : लघूला ल, गुरूला गा. मलाही तीच पद्धत आवडते, कारण लगावली नुसती उच्चारली तरी चाल ऐकू येते. लगागा लगागा लगागा लगागा. हा भुजंगप्रयात, चार य गणांचा, रामदासांच्या मनाच्या श्लोकांमुळे घराघरात पोचलेला. त्याच्या मापाची एक ओळ या गल्ल्यांतून उचलू या : ‘सकाळी सकाळी उठे चाळ सारी’. मुद्दाम जुळवायला फार कष्ट पडले नाहीत, कारण ‘सकाळी’ हा शब्द मुळातच य गण आहे. मराठीत असे शब्द पोत्याने आहेत : दुपारी, उन्हाळा, गिलावा, दिवाळी. भुजंगप्रयात मराठी माणसाला चटकन पाठ होतो तो यामुळे. आपली बोली त्या मापाचे शब्द रोज पाडतच असते.

फणसवाडीत बालाजीचं देऊळ आहे, दक्षिणी घडणीचं. बालाजीच्या उपासनेत पहाटे म्हटलं जाणारं ‘वेंकटेश सुप्रभातम्’ एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांच्या आवाजामुळे भारतभर माहीत आहे. पंधराव्या शतकातल्या प्रतिवादि भयंकर अण्णन यांची ती रचना. तिचा पहिला श्लोक वाल्मीकींच्या रामायणातला, तो अनुष्टुभात. त्यानंतर देवाला उठवणारे श्लोक येतात ते बहुतेक वसंततिलकेत : गागाल गालल लगाल लगाल गागा. चौदा अक्षरांचं हे वृत्त जड पावलाने सुरू होतं, मध्ये हलकं होतं आणि शेवटच्या दोन गुरूंवर टेकतं. पुढे स्तोत्राचा भाग आला की माप बदलून तोटक होतं : ललगा ललगा ललगा ललगा. तोटकाची अक्षरं भुजंगप्रयाताइतकीच, बारा. पण प्रत्येक गणात एका गुरूची जागा लघूने घेतली आणि चालणारी ओळ धावू लागली. अर्थ न कळणाऱ्या माणसालाही हा फरक कळतो. म्हणून तर वृत्ताला कवितेचा कपडा म्हणणं मला पटत नाही. कपडा काढून ठेवता येतो.

आता पिंगलाकडे वळू. छंदःशास्त्राचा हा आद्य सूत्रकार इसवी सनापूर्वीच्या शतकांतला मानला जातो. त्याने एक प्रश्न विचारला, तो वरवर कवीच्या कामाचा नाही : अमुक इतक्या अक्षरांच्या ओळीत लघू-गुरू एकूण किती प्रकारांनी मांडता येतील, आणि एकही न गाळता ते ओळीने कसे लिहायचे? या मांडणीला प्रस्तार म्हणतात. पहिल्या ओळीत सगळे गुरू, शेवटच्या ओळीत सगळे लघू, आणि मधल्या सगळ्या ठरलेल्या क्रमाने. पाच अक्षरांचा प्रस्तार बत्तीस ओळींचा होतो.

आणि गंमत पाहा, फणसवाडीच्या शेजारपाजारची कितीतरी नावं नेमकी पाच अक्षरांची आहेत. म्हणजे पिंगलाच्या त्या बत्तीस खोल्यांत या सगळ्यांना जागा आहे, आणि खोलीचा क्रमांक काढण्याची रीतही आहे. तिला उद्दिष्ट म्हणतात. नावाच्या अक्षरांवर डावीकडून १, २, ४, ८, १६ असे आकडे लिहा. जिथे लघू असेल तेवढेच आकडे घ्या, बेरीज करा, त्यात एक मिळवा. फणसवाडी : पहिली तीन अक्षरं लघू, म्हणून १ अधिक २ अधिक ४, सात, त्यात एक मिळवला, आठ. बत्तिसांत फणसवाडी आठवी.

खोताचीवाडी सगळी गुरूंची, म्हणून तिला पहिला क्रमांक. झावबावाडी आणि काळबादेवी यांचं माप एकच, गालगागागा, दोघी तिसऱ्या. धोबीतलाव एकविसावा. चिराबाजार अठरावा आणि ठाकुरद्वार एकोणिसावा; रस्त्यावर जे शेजारी, ते प्रस्तारातही शेजारी निघाले. योगायोगच, पण इतका देखणा की तो सांगितल्याशिवाय राहवत नाही.

उलटही जाता येतं. मला नुसता क्रमांक सांगा, मी नावाचं माप सांगतो. या उलट्या वाटेला नष्ट म्हणतात, हरवलेली ओळ शोधून काढणं. आकडा सम असेल तर लघू लिहा आणि अर्धा करा. विषम असेल तर गुरू लिहा, एक मिळवा आणि अर्धा करा. आठ सम : लघू, उरले चार. चार सम : लघू, दोन. दोन सम : लघू, एक. एक विषम : गुरू, एक मिळवून अर्धा केला, पुन्हा एक : गुरू. लललगागा. फणसवाडी परत आली. संगणक आज शून्य आणि एक या दोनच चिन्हांवर चालतो आणि त्याच्या पोटात कुठल्याही संख्येचं असंच दुभागणं चाललेलं असतं. युरोपात या द्विमान पद्धतीवरचा लायब्निट्सचा प्रसिद्ध निबंध १७०३ सालचा. पिंगलाला यंत्र करायचं नव्हतं. त्याला ओळींची शक्यता संपूर्ण हवी होती, एकही न निसटता.

दहाव्या शतकात हलायुध या टीकाकाराने पिंगलाच्या सूत्रावर मेरुप्रस्तार समजावून दिला. पाच अक्षरांच्या बत्तीस ओळींत एकही लघू नसलेली ओळ एक, एक लघू असलेल्या पाच, दोन असलेल्या दहा, तीन असलेल्या दहा, चार असलेल्या पाच, पाचही लघू असलेली एक. फणसवाडी त्या तीन लघूंच्या दहांपैकी. हे आकडे एकाखाली एक रचले की डोंगर तयार होतो. आपण शाळेत तो पास्कलचा त्रिकोण म्हणून शिकतो. पास्कल सतराव्या शतकातला.

पण मला सगळ्यांत थक्क करतो तो मात्रांचा हिशेब. आतापर्यंत अक्षरं मोजली, आता वेळ मोजू. फणसवाडीला सात मात्रा लागतात. एकेकाचे आणि दोन-दोनाचे तुकडे वापरून सात मात्रा किती तऱ्हांनी भरता येतील? चाळीचा सात पायऱ्यांचा जिना डोळ्यांसमोर आणा. मूल कधी एक पायरी चढतं, कधी एकदम दोन. सगळ्यांत वर ते दोनच वाटांनी पोचू शकतं : सहाव्या पायरीवरून एक पाऊल टाकून, किंवा पाचवीवरून दोन पायऱ्यांची उडी मारून. म्हणजे सातच्या तऱ्हा म्हणजे सहाच्या तऱ्हा अधिक पाचच्या तऱ्हा. एका मात्रेची तऱ्हा एक, दोन मात्रांच्या दोन, मग तीन, पाच, आठ, तेरा, आणि सात मात्रांच्या एकवीस. फणसवाडीचं माप त्या एकविसांतलं एक.

१, २, ३, ५, ८, १३, २१ ही माळ जगभर फिबोनाचीच्या नावाने ओळखली जाते. इटलीतल्या पिसा गावच्या लिओनार्दोने, म्हणजे फिबोनाचीने, १२०२ साली ती सशांच्या पैदाशीच्या कोड्यातून मांडली. त्याच्या आधी, बाराव्या शतकात, गुजरातेतले जैन आचार्य हेमचंद्र यांनी तीच माळ मात्रावृत्तांसाठी सांगितली होती. आणि त्यांच्याही कैक शतकं आधी विरहांक या कवी-शास्त्रज्ञाने ‘वृत्तजातिसमुच्चय’ या प्राकृत ग्रंथात हा नियम दिला : मागच्या दोन संख्यांची बेरीज म्हणजे पुढची संख्या. त्याला ससे नको होते, शेती नको होती. त्याला मात्रांच्या ओळी मोजायच्या होत्या.

विरहांकाचा हा ग्रंथ आज अभ्यासकांच्या हाती आहे तो प्रा. हरि दामोदर वेलणकर यांच्यामुळे. वेलणकर चौपाटीवरच्या विल्सन कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक होते. फणसवाडीतून निघालेला माणूस समुद्राकडे चालत गेला की जिथे पोचतो, ते हे कॉलेज. संस्कृत-प्राकृत छंदांचे ग्रंथ हस्तलिखितांतून सोडवून, पाठ ताडून, छापून काढणं हे काम त्यांनी आयुष्यभर केलं. ‘जयदामन्’ हा जुन्या छंदोग्रंथांचा त्यांचा संग्रह १९४९ सालचा. हेमचंद्रांचं ‘छंदोनुशासन’ त्यांनी संपादित केलं, ते चौपाटीजवळच्याच भारतीय विद्या भवनातून १९६१ साली निघालं. ‘वृत्तजातिसमुच्चय’ १९६२ साली जोधपूरहून. पुढे १९८५ साली परमानंद सिंह यांनी या संख्यांच्या भारतीय इतिहासावर निबंध लिहिला आणि गणिताच्या जगाने या नावांची दखल घेतली. जुनी पोथी चिकाटीने वाचणारा मुंबईचा एक मराठी प्राध्यापक मध्ये नसता, तर ही साखळी जुळायला आणखी किती वर्षं लागली असती! गिरगावकरांनी या माणसाचं नाव पाठ करावं, असं मला मनापासून वाटतं.

गणित पुरे, ओळीकडे येऊ. प्रस्तार सगळ्या शक्यता मांडतो, पण कवितेला सगळ्या नको असतात. पंधरा अक्षरांचे ३२,७६८ प्रकार होतात. त्यांतल्या ४,६७२ क्रमांकाच्या प्रकाराला परंपरेने मालिनी हे नाव दिलं आणि तो शतकानुशतकं गायला. त्याची लगावली : ललललललगागा, गालगागालगागा. आठव्या अक्षरानंतर किंचित थांबायचं, त्या थांब्याला यती म्हणतात. या पहिल्या आठांतली शेवटची पाच नीट पाहा : लललगागा. म्हणजे फणसवाडी! आधी तीन लघूंचा कुठलाही शब्द ठेवला की मालिनीचा पूर्वार्ध फणसवाडीशी येऊन अचूक थांबतो :

सहज फणसवाडी गाठता सांज झाली

ही ओळ माझी. तिच्यात काव्य मोठं नाही, पण माप चोख आहे. सहा हलकी अक्षरं पळत येतात, ‘वाडी’पाशी दम घेतात, आणि पुढे ‘गाठता सांज झाली’ हे दीर्घ अक्षरांचं लांबण लागतं. चालणाऱ्या माणसाची आधी घाई आणि मग संथपणा, दोन्ही मापातच आहेत.

आता जागा बदला. फणसवाडीऐवजी, मुंबई मराठी साहित्य संघ जिथे आहे, त्या केळेवाडीला निघू. केळेवाडी सगळी गुरूंची, ती मालिनीच्या दारातून आत येऊच शकत नाही. पण तिच्यासाठी दुसरं घर मोकळं आहे :

केळेवाडी सहज म्हणुनी गाठता सांज झाली

ही मंदाक्रांता झाली, सतरा अक्षरांची, ज्यात कालिदासाने अख्खं ‘मेघदूत’ लिहिलं. चार गुरू, मग पाच लघू आणि एक गुरू, आणि मग सात अक्षरांचं शेपूट. शेपटाचं एक अक्षरही बदललं नाही, बघा : ‘गाठता सांज झाली’. मालिनी आणि मंदाक्रांता यांची अखेरची सात अक्षरं एकाच मापाची आहेत, गालगागालगागा. एकवीस अक्षरांच्या स्रग्धरेचीही तीच. तीन वेगवेगळ्या डौलांच्या वृत्तांची पावलं शेवटी एकाच वळणावर येतात. पुस्तकात ही वृत्तं वेगवेगळ्या पानांवर असतात म्हणून हे नातं दिसत नाही. ओळी मोठ्याने म्हटल्या की एका झटक्यात ऐकू येतं.

ज्या वृत्ताने प्रत्येक मराठी माणूस आयुष्यात एकदा तरी अंगावर अक्षता झेलतो, ते शार्दूलविक्रीडित. एकोणीस अक्षरं, बाराव्यावर यती. लग्नातली मंगलाष्टकं बहुधा याच मापाची असतात. घरातली हौशी आत्या किंवा मामा नवऱ्यामुलीच्या आई-वडिलांची नावं घालून मंगलाष्टक रचतात, तेव्हा गणांची नावं त्यांना ठाऊक नसतात. चाल कानात असते आणि शब्द त्या चालीत बसेपर्यंत ते ढकलत राहतात. वृत्तात लिहिणं याहून वेगळं काही नसतं. आणि याच वृत्तात केशवसुतांनी ‘मयूरासन आणि ताजमहाल’ लिहिली, मराठीतलं पहिलं सुनीत मानलं जातं ते, १८९२ साली. सुनीत मूळचं इटलीचं, इंग्रजीमार्गे आलेलं, चौदा ओळींचं. इंग्रजी पद्य आघातावर चालतं, कुठल्या अक्षरावर जोर पडला ते मोजतं. मराठी पद्य वेळ मोजतं. केशवसुतांनी परक्या घराचा आराखडा घेतला, पण भिंती आपल्या मातीच्या उभारल्या. पुढे मराठी सुनीताला शार्दूलविक्रीडित इतकं मानवलं, की बरेच दिवस दोघांची जोडीच मानली गेली.

मराठीचं स्वतःचं धन मात्र मराठीतल्या या गणवृत्तांपेक्षा जुनं आणि मोकळं आहे. चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या ११२९ सालच्या ग्रंथात महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, अशी नोंद आहे. म्हणजे १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तेव्हा ओवी उखळाशी नि जात्याशी कधीचीच बसलेली होती. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, तो साठा पाहिला की या छंदाची ताकद कळते. ओवीत लघू-गुरूंचं बंधन नाही, अक्षरांची संख्याही सैल. साडेतीन चरण, पहिल्या तिघांना यमक, आणि चौथा आखूड. जात्याचा फेरा पुरा होताना हात जिथे सैलावतो तिथे तो आखूड चरण येतो.

अभंग थोडा अधिक शिस्तीचा. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अशी अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणांना यमक. फणसवाडीला ‘त’ जोडला की नेमकी सहा अक्षरं होतात, म्हणून असंही म्हणता येईल :

फणसवाडीत, उतरली रात, घरोघरी वात, उजळली

इथे लघू-गुरू मोजू नका. गाताना प्रत्येक अक्षर ओढून सारखं केलं जातं, ‘फ’लाही ‘वा’इतकाच वेळ मिळतो. मालिनीत ज्या अक्षरांना आखूड राहण्याची सक्ती होती, ती अभंगात मोठ्यांच्या बरोबरीने बसतात. संतांनी हा छंद निवडला तेव्हा हे मनात धरलं होतं की नाही, सांगता येणार नाही. पण अक्षरांना अशी बरोबरीची वागणूक देणाऱ्या छंदात तुकोबांचं बोलणं उमटलं, ही गोष्ट मला नेहमी मोठी वाटत आली आहे.

मोरोपंतांनी ‘केकावली’ पृथ्वी वृत्तात लिहिली आणि आर्येवर तर आपलं नावच कोरलं. कीर्तनकारांनी साकी आणि दिंडी घोळवल्या, अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ साली ‘सौभद्र’ रंगभूमीवर आणलं तेव्हा त्याच साक्या-दिंड्या नाटकात गेल्या. पुढे गिरगावची रंगमंदिरं या चालींनी भरून गेली. दिंडी एकोणीस मात्रांची, नऊ अधिक दहा. तीत एक वळसा आहे, तो ऐकला की वारीची पावलं आठवतात.

या सगळ्याला एका नजरेत घेणारा माणूस म्हणजे माधव जूलियन, माधव त्र्यंबक पटवर्धन. त्यांच्या आधी परशुरामपंत गोडबोले यांचं ‘वृत्तदर्पण’ पिढ्यान्‌पिढ्या पाठ झालं होतं. पण संस्कृत गणांच्या गजाने मराठी पद्य पुरतं मोजता येत नाही, हे पटवर्धनांनी ओळखलं. फारसीचे ते प्राध्यापक, त्यामुळे तिकडची वृत्तंही कानात. मराठी पद्य पाच, सहा, सात, आठ मात्रांच्या आवर्तनांत चालतं, तालाशी त्याचं सख्खं नातं आहे, हे त्यांनी ‘छंदोरचना’त शेकडो उदाहरणांनी दाखवलं. मुंबई विद्यापीठाने त्याबद्दल १९३८ साली त्यांना डी. लिट. दिली, पुढच्याच वर्षी ते गेले. सुरुवातीला जे फणसवाडीचं रूपकात बसणं पाहिलं, ते पाहायला शिकवलं ते या माणसाने.

मग मुक्तछंदाने हे सगळं मोडीत काढलं का? मला तसं दिसत नाही. कवी अनिल मुक्तछंदाचे प्रवर्तक, पण त्यांनीच पुढे ‘दशपदी’सारखा नवा बंध घडवला. मर्ढेकरांनी ‘काही कविता’ (१९४७) मध्ये यंत्रयुगातल्या शहराची घुसमट सांगायला ओवी-अभंगांचेच साचे घेतले. गिरणगावात वाढलेले नारायण सुर्वे, ‘गोलपिठा’ (१९७२) लिहिणारे नामदेव ढसाळ, यांच्या ओळींत गण सापडणार नाहीत. पण ती कविता मोठ्याने वाचा, बोलीचा दम कुठे घेतला आणि कुठे सोडला, हे काटेकोर ठरलेलं आहे. ढसाळांची ओळ मध्येच तोडून पाहा, ती लगेच लंगडते. माप गेलेलं नाही, ते कवीने स्वतःच्या छातीवर बेतलं आहे, एवढंच.

शाळांतल्या मराठीच्या शिक्षकांना एक विनंती आहे. वृत्त शिकवताना फळ्यावर अर्धचंद्र आणि आडव्या रेघा काढायची घाई करू नका. आधी ओळ सगळ्या वर्गाकडून मोठ्याने म्हणवून घ्या, दोनदा, तीनदा, टाळी धरून. मग मुलांना आपापल्या गल्लीचं, वाडीचं, गावाचं नाव लगावलीत लिहायला सांगा आणि पिंगलाच्या रीतीने त्याचा क्रमांक काढू द्या. गणांची नावं त्यानंतर आली तरी चालतील.